मुदतवाढीचा हिशेब

खरीप हंगामात विदर्भातल्या कास्तकाराचे जेवढे काम वावरात असते, जवळजवळ तेवढेच आता मोबाइलच्या पडद्यावर असते. पीक पाहणीची नोंद, पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, हमीभावाने कापूस किंवा धान विकण्यासाठीची नोंदणी, यांपैकी प्रत्येकामागे एक संगणक प्रणाली आहे, ती घडवणारा एखाद्या मोठ्या शहरातला चमू आहे, आणि त्या चमूला विचारण्यापूर्वीच पुष्कळदा जाहीर होऊन गेलेली एक तारीख आहे. तारीख साधली नाही की मुदतवाढ मिळते. मुदतवाढीची बातमी दिलासा म्हणून छापून येते आणि पहिली तारीख कशाच्या आधारावर ठरली होती, हा प्रश्न तिथेच मिटतो. तो मिटू नये, असे मला वाटते. ज्या चमूंकडून शासन ही कामे करून घेते, त्यांनी याआधी किती काम किती काळात पुरे केले हे मोजता येते. पुढच्या तारखा त्या मोजमापातून निघाल्या पाहिजेत, त्या साधण्याची शक्यता किती हेही सोबत सांगितले गेले पाहिजे, आणि ती शक्यता पुरेशी होईपर्यंत कोणत्याही प्रणालीतील नोंद लाभासाठी सक्तीची करता कामा नये.

सॉफ्टवेअर व्यवसायाला ही गोष्ट नवी नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घेणाऱ्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. आराखडा पाळण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे, ही त्यातील एक भूमिका होती, आणि तिचा अनेकांनी असा सोयीस्कर अर्थ लावला की अजाइल पद्धतीने काम करणाऱ्याला पुढची तारीख विचारूच नये. वास्तविक याच पद्धतीमुळे तारखेविषयी बोलण्याला पहिल्यांदा ठोस आधार मिळाला. दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत, काम करणारा चमू प्रत्येक स्प्रिंटअखेर काही घटक, म्हणजे प्रणालीतील एकेक सुटे काम, पूर्ण करतो, काही करू शकत नाही, आणि अशा रीतीने सहा महिन्यांत त्याच्या स्वतःच्या गतीची एक मालिकाच तयार होते. जुन्या पद्धतीत वर्षभर विश्लेषण, वर्षभर बांधणी आणि अखेरीस चाचणी असा क्रम असल्याने काम किती मागे पडले आहे, हे चाचणीच्या टप्प्यावर आल्याशिवाय कळतच नसे.

ही मालिका कशी वापरायची, ते एका काल्पनिक हिशेबाने सांगतो. समजा, एका प्रणालीचे ६० घटक बाकी आहेत आणि चमूने मागील १० आठवड्यांत अनुक्रमे ३, ५, २, ०, ४, ६, ३, १, ४ आणि २ घटक पूर्ण केले आहेत. सरासरी आठवड्याला ३ पडते, म्हणून ६० घटकांना २० आठवडे लागतील. १ जानेवारीला काम सुरू केले तर २१ मे ही तारीख येते, म्हणजे मृग लागण्याच्या सुमारे अडीच आठवडे आधी. बैठकीत ही तारीख सर्वांना आवडते, रोडमॅपवर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावर, चढते आणि तिथून भाषणात जाते. परंतु सरासरीने काढलेली तारीख साधण्याची शक्यता जेमतेम निम्मी असते, हे त्या बैठकीत कुणी सांगत नाही. त्याऐवजी त्या दहा आकड्यांमधून प्रत्येक आठवड्यासाठी यदृच्छेने एक आकडा उचलावा, बेरीज ६० होईपर्यंत उचलत राहावे, आणि ही सारी क्रिया संगणकाकडून हजारो वेळा करून घ्यावी. याला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात. आजारपणात एकट्याने पत्ते खेळत बसलेल्या स्तानिस्लाव उलाम या गणितज्ञाला ती १९४६ मध्ये सुचली, आणि तिचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेतील लॉस अलामोसच्या अण्वस्त्र संशोधनात झाला. आपल्या उदाहरणात ती सांगते की सुमारे ८५ टक्के खात्री हवी असेल तर २३ आठवडे धरावे लागतील. म्हणजे ११ जून, आणि मृग लागून गेलेला.

इथपर्यंतचा फरक तीन आठवड्यांचाच आहे. खरा फरक पुढे पडतो, कारण ६० घटकांची यादी ६० वर कधीच थांबत नाही. सातबारावर चार भावांची नावे सामाईक आहेत, कसतो एकच. त्याने नोंद केली तर ती कुणाच्या नावे धरायची? वडील वारले आणि वारसाचा फेरफार अजून मंजूर नाही. कापसात तुरीच्या ओळी आहेत, मग क्षेत्र कोणत्या पिकाला किती द्यायचे? गडचिरोलीत आणि मेळघाटात वनहक्काच्या पट्ट्यावर शेती करणारा आहे, त्याच्याकडे हक्काचा कागद आहे, पण इतरांसारखा सातबारा नाही. बटईने वावर करणारा आहे, ज्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही. यांतील एकही प्रकार दुर्मीळ नाही. तलाठ्याला, कोतवालाला, सेतू केंद्र चालवणाऱ्या पोराला हे सगळे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. परंतु प्रणालीच्या यादीत ते येते प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर, तक्रारींच्या रूपाने. अशा घटकांमुळे यादी ६० ची ८० झाली, तर त्याच गतीने आणि त्याच ८५ टक्के खात्रीने ३० आठवडे लागतात. तारीख येते ३० जुलै, जेव्हा पेरणी उरकून डवरणी चालू असते आणि पीक विम्याची नेहमीची अंतिम तारीख एका दिवसावर आलेली असते. म्हणूनच चमूची गती मोजणाऱ्याने यादी किती फुगते हेही मोजले पाहिजे. मागील दोन-तीन प्रणालींमध्ये सुरुवातीची यादी आणि अखेरची यादी यांत किती अंतर पडले, ही नोंद काढणे अवघड नाही, आणि पूर्वानुमानात तिला गतीइतकेच स्थान हवे.

मागील कामगिरीवरून पुढचा अंदाज बांधताना कोणता भूतकाळ धरायचा आणि कोणता सोडायचा, हा दुसरा प्रश्न आहे, आणि तो कास्तकाराला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण पीक विम्यात तो त्याच्या परिचयाचा आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळाचे उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली उत्पादन गेले की भरपाई मिळते ती पातळी, काढताना मागील ७ वर्षांपैकी सर्वोत्तम ५ वर्षांचे सरासरी उत्पादन धरतात आणि त्याला जोखीमस्तराने, म्हणजे विमा संरक्षणाच्या ठरलेल्या टक्केवारीने, गुणतात. सर्वांत वाईट दोन वर्षे वगळली जातात ती विचारपूर्वक, कारण दुष्काळाची वर्षे सरासरीत धरली तर उंबरठा खाली येईल आणि नुकसान होऊनही भरपाई मिळणार नाही. इथे वाईट वर्षे वगळण्याचा फायदा ज्याचे नुकसान होणार आहे त्यालाच मिळतो. रोडमॅप करताना चमू हेच करतात, पण फायदा उलट्या बाजूला जातो. निवडणुकीच्या कामात विभागाचे अधिकारी गुंतले होते म्हणून तो महिना धरू नका, सर्व्हर बंद पडला होता म्हणून तो आठवडा धरू नका, दिवाळी होती, आचारसंहिता होती, मुख्य अभियंता नोकरी सोडून गेला होता. असे करत करत उरतात ते चांगले आठवडे, आणि त्यांच्यावर बेतलेली तारीख देखणी दिसते. वरच्या उदाहरणात जो एक आठवडा शून्याचा आहे, तो काढून टाकण्याचा मोह कुणालाही होईल. परंतु पुढच्या वर्षीही दिवाळी येणारच आहे, सर्व्हर बंद पडणारच आहे आणि कुणीतरी नोकरी सोडणारच आहे. अंदाजासाठीच्या मालिकेतून वाईट आठवडे वगळायचे असतील, तर ते कारण पुन्हा का उद्भवणार नाही, हे वगळणाऱ्याने लेखी द्यावे.

माझ्या मते यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आहे तो 'पूर्ण' कशाला म्हणायचे याचा, आणि ग्रामीण विदर्भाचे सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते. प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असे अजाइलच्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. पण चालणारे म्हणजे कुठे चालणारे? शहरातील कार्यालयात, जलद इंटरनेटवर, नव्या फोनवर पीक पाहणीचे छायाचित्र अपलोड झाले की तो घटक पूर्ण झाल्याची नोंद होते आणि गतीच्या मालिकेत एकाने भर पडते. तोच घटक भामरागडच्या किंवा धारणीच्या गावात, धुऱ्यावर उभे राहून, जुन्या फोनवर, नेटवर्क येते-जाते अशा स्थितीत चालत नसेल, तर तो पूर्ण झालेला नाही. ज्या मालिकेत असे अर्धवट घटक पूर्ण म्हणून मोजले गेले आहेत, तिच्यावर कितीही हजार वेळा मॉन्टे कार्लो चालवले तरी निघणारी तारीख खोटीच असेल. उलट गणिताचा मुलामा चढल्यामुळे ती अधिक विश्वासार्ह भासेल आणि अधिक नुकसान करील. म्हणून पूर्णत्वाची व्याख्या शेवटच्या वापरकर्त्याकडून सुरू झाली पाहिजे. काही निवडक गावांत, ज्यांत एक-दोन नेटवर्क नसलेली असावीत, कास्तकाराने स्वतः आणि कुणाच्या मदतीशिवाय ते काम तडीस नेले, तरच तो घटक मोजावा. अशा मोजणीने चमूची गती सुरुवातीला निम्म्यावर आलेली दिसेल. ती निम्मी गतीच त्याची खरी गती असते.

इथे एक रास्त अडचण आहे. कामगिरीचा भूतकाळ हा विशिष्ट चमूचा असतो; शासनाची कामे मात्र निविदेने दिली जातात, बहुधा सर्वांत कमी दराच्या, आणि निविदा बदलली की चमूही बदलतो. नव्या चमूला त्या प्रणालीचा भूतकाळच नसतो. जुन्या चमूची गती त्याला लावता येत नाही, दोन चमूंची गती एकत्र करून सरासरीही काढता येत नाही, आणि उशीर होतो आहे म्हणून माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे. अशा वेळी पहिल्या काही स्प्रिंटांपर्यंत तारीख जाहीर न करणे हा प्रामाणिक मार्ग आहे. तो शक्यच नसेल, तर आपल्या कामाच्या अंतर्गत तपशिलात न शिरता त्याच्यासारखी आधीची कामे किती काळात झाली, तिकडे पाहावे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवले की नियोजन करणारा माणूस स्वतःच्या योजनेचे टप्पे मोजतो, इतरांच्या अशाच योजनांचे काय झाले हे विचारात घेत नाही, आणि त्यामुळे त्याचा अंदाज जवळजवळ नेहमीच आशावादी निघतो. विदर्भाला याचे उदाहरण परदेशातून आणावे लागत नाही. सुमारे ३७२ कोटी रुपयांच्या गोसीखुर्द धरण प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च हजारो कोटींवर गेला, आणि या काळात जाहीर झालेली प्रत्येक पूर्णत्वाची तारीख आधीच्या तारखांचे काय झाले याकडे न पाहता दिलेली होती. धरण आणि मोबाइल ॲप यांची तुलना करण्याचा हेतू नाही. पण तारीख देण्याची सवय दोन्हीकडे एकाच घरातली आहे.

संगणक प्रणालींच्या बाबतीत तर शासनाकडे असा भूतकाळ आयताच लिहिलेला आहे, कारण प्रत्येक मुदतवाढीचा आदेश निघतो आणि त्यावर तारीख असते. जून २०१७ मध्ये ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन भरून घेतले गेले, ऑक्टोबरमध्ये दिवाळीला पहिली प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि त्यानंतर बँकांची माहिती व अर्जांतील माहिती यांचा मेळ बसेना म्हणून खात्यात पैसे येण्याचे काम रेंगाळले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि त्यानंतरच्या अनेक हंगामांत नोंदणीची मुदत वाढवावी लागली. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना अर्थसाहाय्य देताना याच नोंदीची अट घातली गेली होती, ती पुढे शिथिल करावी लागली. ई-पीक पाहणीची कल्पना मला योग्यच वाटते. गावभरच्या पिकांची नोंद एका जागी बसून होण्यापेक्षा कास्तकाराने स्वतः बांधावरून केलेली बरी. आक्षेप आहे तो नोंद सक्तीची होण्याची तारीख प्रणालीच्या सिद्धतेशी जोडलेली नसण्याला. या सर्व आदेशांचा एक साधा तक्ता केला, पहिली जाहीर तारीख, प्रत्यक्ष तारीख आणि मधल्या मुदतवाढी एवढ्या तीनच रकान्यांचा, तर पुढच्या योजनेच्या घोषणेवेळी तो शेजारी ठेवता येईल. लागणारी माहिती मंत्रालयातच आहे.

या साऱ्या मांडणीला तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की ८५ टक्के खात्रीची लांबची तारीख दिली तर काम तेवढ्या वेळापर्यंत ताणले जाईल. जेवढा वेळ हाताशी तेवढे काम पसरते, हा ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये गमतीने मांडलेला नियम इथे गंभीरपणे सांगितला जातो. परंतु दर दोन आठवड्यांनी गावात चालणारा घटक दाखवावा लागणाऱ्या चमूला रेंगाळायला फारशी जागा नसते, आणि पूर्वानुमानही दर दोन आठवड्यांनी नव्या आकड्यांनिशी पुन्हा काढायचे असते. दुसरा आक्षेप राजकीय आहे. मंत्र्याला एक तारीख सांगावी लागते, टक्केवारी सांगून सभा जिंकता येत नाही. यावर माझे उत्तर एवढेच की त्याच सभेत बसलेला माणूस पावसाच्या अंदाजावर पेरणी करतो आणि खरिपाची पैसेवारी, म्हणजे पीक किती येईल याचा सरकारी अंदाज, नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा जाहीर होते हे त्याला माहीत असते. अंदाज बदलतो, हे त्याला पचते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याची धास्ती मलाही वाटते. कामगिरी मोजायला सुरुवात झाली की ते माप लवकरच चमूच्या मानेवर बसते. कामाच्या आकारमानाला चमू स्वतःच गुण देतो; या स्प्रिंटमध्ये ३० गुण झाले, पुढच्या वेळी ४० हवेत, असे फर्मान निघाले की ४० होतात, कारण पूर्वी ३ गुणांचे वाटणारे काम आता ५ गुणांचे वाटू लागते. माप हेच लक्ष्य ठरले की माप म्हणून ते निकामी होते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम सॉफ्टवेअरच्या प्रत्येक कार्यालयात अनुभवाला येतो. उपाय दोन. गुणांऐवजी गावात चालणाऱ्या पूर्ण घटकांची साधी संख्या मोजावी, कारण ती फुगवणे अधिक कठीण असते. आणि गतीच्या आकड्यावरून चमूला दंड किंवा बक्षीस देऊ नये, असे करारातच लिहावे. दंड लावायचा तो माहिती लपवण्याला लावावा.

शेतीच्या बाबतीत काही तारखा मात्र खरोखरच हलत नाहीत. मृग कुणाच्या स्प्रिंटसाठी थांबत नाही. तिथे प्रश्न फिरवून विचारावा लागतो, म्हणजे तारीख पक्की धरून त्या तारखेपर्यंत काय होऊ शकेल ते काढावे लागते. आपल्याच उदाहरणातील चमूकडून २० आठवड्यांत ८५ टक्के खात्रीने ६० पैकी सुमारे ५२ घटकांचीच अपेक्षा धरता येते, आणि मध्येच उगवणारी नवी कामेही त्या ५२ मध्येच बसवावी लागतात. मग उरलेले कोणते, हा निर्णय जानेवारीत, उघडपणे, तालुक्याच्या अधिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन व्हायला हवा. आज तो मे महिन्यात, घाईने, चमूच्या चार माणसांत होतो, आणि अशा घाईत जे घटक किचकट असतात तेच मागे ठेवले जातात. सामाईक खाते, वारसाची नोंद, वनहक्काचा पट्टा, बटईदार. तारीख पाळली गेली असे जाहीर होते, उद्घाटन होते, आणि ज्यांच्यासाठी प्रणाली तयार झालेलीच नाही त्यांनाही त्याच दिवसापासून तिच्यातील नोंदीची अट लागू होते. निदान जे घटक पुढे ढकलले त्यांच्या यादीसह आदेश काढावा, आणि त्या यादीतील प्रत्येकासाठी तलाठ्याकडची कागदी नोंद त्या हंगामापुरती ग्राह्य धरावी. एवढे करायला नवा कायदा लागत नाही.